कोकणातलं घर आणि विजेचं बिल: स्टार बघण्याआधी मीटर बघा

विजेचं उपकरण घेताना दुकानात पहिली नजर स्टारच्या लेबलवर जाते, आणि ती जायलाच हवी. पण त्या लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेत काढलेला असतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्याच उपकरणाला खारी हवा, चार महिन्यांची ओल, संध्याकाळी उतरणारं व्होल्टेज आणि मे-जूनमध्ये पडणाऱ्या विजा एवढं सगळं सोसायचं असतं. पाच स्टारचा पंखा दुसऱ्या पावसाळ्यात सर्किट जळून बंद पडला, तर त्याने वाचवलेले पैसे दुरुस्तीतच जातात. म्हणून इथल्या घरासाठी क्रम थोडा वेगळा लागतो. घरात वीज नेमकी कुठे जाते ते आधी शोधायचं, मग जी उपकरणं जास्त तास चालतात त्यांच्यावर पैसे घालायचे, आणि घातलेले पैसे खाऱ्या हवेपासून आणि विजांपासून राखायचे.

सुरुवात बिलापासून. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा असतो. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळपास दुप्पट आहे. शंभरी ओलांडली की सगळीच युनिटं महाग होतात असा समज गावोगाव आहे, पण तसं नाही. पहिली १०० युनिटं स्वस्त दरानेच लागतात, वरची तेवढी महाग पडतात. याचा उलटा अर्थ आपल्या फायद्याचा आहे: जे युनिट वाचतं ते नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातलं असतं. वीज आकार, वहन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून आपलं शेवटचं युनिट कितीला पडतं ते बिलावरून एकदा काढून ठेवा. खालच्या हिशोबांत सोपं जावं म्हणून युनिटला १० रुपये धरले आहेत. तुमचा आकडा त्या जागी घाला.

मीटरचा लाल दिवा

वीज कुठे जाते हे कळायला कुठलंही यंत्र विकत आणायला नको. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटाला किती लुकलुक हे छापलेलं असतं. बऱ्याच सिंगल फेज मीटरवर हा आकडा ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा आणखी वेगळा. ३२०० असेल तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे पावणेएकोणीस वॅट. १६०० असेल तर साडेसदतीस.

आता घरातलं सगळं नेहमीसारखं बंद करा, पण मेन चालू ठेवा. मोबाइलवर घड्याळ लावून पाच मिनिटं दिव्याकडे बघत राहा. काहीच चालू नसताना दिवा लुकलुकला नाही पाहिजे. पण बहुतेक घरांत तो मिनिटाला एक-दोनदा तरी लुकलुकतो. टीव्ही रिमोटने बंद केलेला असतो, पण सेट टॉप बॉक्स आत जागा असतो. वायफायचा डबा, इन्व्हर्टर, भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर, गेटवरचा कॅमेरा हे सगळे थोडं थोडं खात असतात. सतत २० वॅट म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटं, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास, आणि त्या बदल्यात हाती काही नाही. टीव्हीच्या बोर्डवरचं बटण रात्री बंद करायची सवय लागली तर यातला मोठा भाग वाचतो. सेट टॉप बॉक्स सुरू व्हायला दोन मिनिटं जास्त घेतो, एवढीच गैरसोय.

सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत असेल तर मात्र वायरिंगमध्ये ओल शिरून गळती होत असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात पडवीतलं बटण, बाहेरच्या बेलचा बोर्ड, न्हाणीघराकडे जाणारी जुनी वायर ही नेहमीची ठिकाणं. बोर्डातली एकेक एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) पाडत गेलात की कुठल्या लाइनवर दिवा थांबतो ते कळतं. पुढचं काम वायरमनचं.

मग एकेक उपकरण सुरू करून मोजा. ३२०० च्या मीटरवर जुना पंखा पूर्ण वेगात मिनिटाला चार लुकलुक दाखवतो, म्हणजे ७५ वॅट. पाण्याचा पंप पन्नासच्या वर जातो. फ्रिजचं जरा वेगळं आहे: तो मधूनमधून थांबतो, म्हणून त्याचे चालू आणि बंद राहायचे मिनिटं लिहून ठेवायला हवेत. रात्री दार उघडलेलं नसताना फ्रिज तास-दीड तास न थांबता चालत असेल तर रबर, गॅस किंवा थर्मोस्टॅट यांतलं काहीतरी बिघडलेलं आहे, मग लेबलवर कितीही स्टार असोत.

वॅटला तासांनी गुणायचं

लोक मोठ्या वॅटला घाबरतात. मिक्सर ७५० वॅटचा असतो, पण तो दिवसातून पाच मिनिटं फिरतो. महिन्याची दोन युनिटंसुद्धा होत नाहीत. पंखा ७५ चाच, पण कोकणात तो जवळपास बारा महिने, रात्रभर आणि दुपारभर चालतो. उकाडा कमी झाला तरी दमटपणा पंखा बंद करू देत नाही. म्हणून इथे पैसे घालायची पहिली जागा पंखा.

बीएलडीसी मोटरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या कमी विजेच्या मोटरचा पंखा पूर्ण वेगात २८ ते ३५ वॅट घेतो. फरक ४५ वॅटचा धरला आणि पंखा दिवसाला १२ तास चालला, तर महिन्याला १६ युनिटं वाचतात, म्हणजे पंख्यामागे १६० रुपये. साध्या पंख्यापेक्षा तो हजार-दीड हजाराने महाग पडतो. ते पैसे वर्षाच्या आत सुटतात. मात्र हा हिशोब जास्त चालणाऱ्या पंख्यांचा. माजघरातला, झोपायच्या खोलीतला पंखा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला महिन्यातून चार दिवस फिरतो, तो जुना राहिला तरी चालेल. ठोकळ्याएवढा जुना गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तो आजच काढून टाका: पंखा मंद केला तरी उरलेली वीज तो उष्णतेत घालवतो.

जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टारचं लेबल सक्तीचं झालं आहे. लेबलवर नुसते वॅट बघू नका, हवेचा आकडाही बघा. १२०० मिलिमीटरच्या पंख्याने मिनिटाला निदान २१० घनमीटर हवा द्यायला हवी. वॅट कमी दाखवण्यासाठी हवा कमी केलेले पंखे बाजारात मिळतात, आणि घामाच्या दिवसांत ते पुरत नाहीत. कौलारू घरात पंखा उंच तुळईला टांगलेला असतो आणि हवा खाली पोचेपर्यंत विरते. अशा ठिकाणी लांब दांडी घेऊन पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणा. त्याने जो फरक पडतो तो एका जादा वेगाइतका असतो.

बीएलडीसीचा आणखी एक गुण इथे फार कामाला येतो. व्होल्टेज १५०-१६० पर्यंत उतरलं की साधा पंखा रखडतो, पण हा बहुधा त्याच वेगात फिरत राहतो. कुठल्या व्होल्टेजपासून कुठल्यापर्यंत चालतो ते खोक्यावर छापलेलं असतं. खालचा आकडा १४०-१५० असलेला घ्या.

हे पंखे बिघडतात ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे जुना रेग्युलेटर तसाच ठेवून जोडणी करणं. बीएलडीसीच्या आत स्वतःचं सर्किट असतं, त्याला बाहेरचा रेग्युलेटर मानवत नाही. रेग्युलेटर काढून फेज सरळ बटणातून द्यायची. दुसरं कारण विजा. मृगाच्या आधीचा आणि परतीचा पाऊस गडगडाटासह येतो, लाइनवर झटका येतो आणि सर्किटची पाटी जाते. घेताना विचारा की पाटीवर ओल न धरणारं कोटिंग आहे का, आणि जवळच्या गावात ती पाटी सुटी मिळते का. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीत मिळणारा ब्रँड पुण्याहून मागवाव्या लागणाऱ्या ब्रँडपेक्षा केव्हाही बरा, मग एखादा वॅट जास्त घेईना का.

अर्थिंग आधी, मगच महाग उपकरणं

हे प्रकरण बिलाशी थेट जोडलेलं दिसत नाही, पण कोकणात बचतीची उपकरणं टिकणं यावरच ठरतं. फ्रिज, एसी, पंखा, एलईडी, वॉशिंग मशीन यांत आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक पाटी आहे. तिला झटक्यापासून वाचवायला मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवता येतो. दोन-तीन हजारांत एका फेजचं काम होतं. पण झटका जमिनीत उतरवायला अर्थिंग चांगलं नसेल तर सर्ज प्रोटेक्टर हा बोर्डातला नुसता डबा उरतो.

सड्यावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावर, जांभा दगड असतो. तो पावसाळा संपला की कोरडा पडतो आणि वीज नीट जमिनीत जाऊ देत नाही. मे महिन्यात, नेमक्या विजांच्या तोंडावर, अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. दोन मीटर खोल खड्डा, त्यात पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ हा जुना प्रकार चालतो, पण उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी घालावं लागतं. अंगणातल्या मोरीचं पाणी तिकडे वळवलं तर वेगळी आठवण ठेवायला नको. किनाऱ्यालगत पुळणीवरच्या, म्हणजे वाळूवरच्या घरांत याच्या उलट होतं. ओली खारी वाळू अर्थिंगला उत्तम, पण त्यात लोखंडी पाइप काही वर्षांत गंजून सडतो. तिथे तांब्याचा मुलामा दिलेली कांब घ्या. काम झाल्यावर वायरमनला अर्थ टेस्टर लावून आकडा दाखवायला सांगा. घरासाठी ५ ओहमच्या आत असेल तर चांगलं. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, पुन्हा मोजून घ्या.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारं बटण, पावसाळ्यात वारंवार पडते म्हणून ती काढून टाकण्याची पद्धत पडली आहे. ती पडते कारण कुठेतरी ओल आहे. ओल शोधा, आरसीसीबी ठेवा. गीझर असलेल्या घरात तर याला पर्याय नाही.

खाऱ्या हवेचं आणखी एक काम लक्षात येत नाही. प्लग टॉपच्या पिना, बोर्डातले स्क्रू, ट्यूबचे होल्डर यांवर हिरवट थर चढतो. तिथे विजेला अडथळा होतो, जोड तापतो, वीज उष्णतेत वाया जाते आणि शेवटी बटण जळतं. फ्रिज किंवा गीझर अर्धा तास चालल्यावर प्लग काढून हात लावून बघा. पिना चटका देत असतील तर सॉकेट बदलायला झालं आहे. पितळी पिनांचा जड प्लग आणि १६ अँपिअरचं झडप असलेलं सॉकेट हा खर्च चारशे-पाचशेचा, पण करायलाच हवा असा.

फ्रिज

फ्रिज वर्षभर चालू असतो, म्हणून लेबलवरच्या स्टारपेक्षा त्याखालचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. तोच दोन फ्रिजमधला खरा फरक सांगतो. शिवाय लेबलवरचं वर्ष बघा, कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. गोदामात पडून राहिलेला जुना पाच स्टार आजच्या निकषाने तीनचाही असू शकतो. मोठ्या फ्रिजला पाच स्टार मिळाले म्हणून तो लहान तीन स्टारपेक्षा कमी वीज खातो असं नाही. स्टारची तुलना त्याच आकाराच्या फ्रिजांत असते.

वीस वर्षांचा फ्रिज दिवसाला दीड-दोन युनिटं खाताना सर्रास आढळतो. आजचा चांगल्या स्टारचा लहान सिंगल डोअर अर्ध्या युनिटाच्या आसपास भागवतो. रोज एक युनिट वाचलं तर महिन्याला ३०० रुपये, आणि पंधरा-सोळा हजारांचा फ्रिज साडेचार वर्षांत स्वतःची किंमत वसूल करतो. पण सात-आठ वर्षांचा, नीट चालणारा फ्रिज केवळ स्टारसाठी काढू नये. त्याचं रबर आधी बघा.

रबर बघायची रीत अशी. दहाची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर धरून दार लावा आणि नोट ओढा. अडकून, ओढ लागून निघाली तर रबर ठीक. सहज सटकली तर त्या जागी आतली थंडी बाहेर जाते आहे. चारी बाजूंनी, विशेषतः बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, असं करून बघा. कोकणात रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि त्यामुळे ते नीट चिकटत नाही. कोमट पाण्यात थोडा साबण घालून जुन्या टूथब्रशने घड्या साफ करा, कोरडं पुसा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. रबर वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा देऊन ते हाताने सरळ करता येतं. चिरलं असेल तर मात्र नवंच.

मागची काळी जाळी असलेला फ्रिज भिंतीपासून चार बोटं तरी लांब हवा. चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारी, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकून फ्रिज ठेवला की कंप्रेसर जास्त वेळ चालतो. जाळीवर धूळ आणि तेलकट ओल यांचा थर बसतो, तो दर तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने काढा. डायरेक्ट कूल, म्हणजे बर्फ आपोआप न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की बर्फ काढायचा. दमट हवेत दार जितक्या वेळा उघडेल तितका बर्फ भरभर साचतो. बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं की गॅस गेला, आणि तो खर्च वर्षाच्या बचतीहून मोठा.

आंब्याचा रस आणि मासे यांसाठी बऱ्याच घरांनी आडवा डीप फ्रीझर घेतला आहे. मे अखेरीस तो गच्च असतो, गणपतीनंतर तळाला चार डबे उरतात आणि तरी तो पुढच्या मोसमापर्यंत चालू राहतो. उरलेलं फ्रिजच्या कप्प्यात हलवून तो बंद करा. रस आटवून, मोरावळ्यासारखा बरणीत भरून ठेवला तर त्याला विजेची गरजच नाही. डीप फ्रीझर चालू ठेवायचाच असेल तर रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. भरलेला फ्रीझर लाइट गेल्यावर जास्त वेळ थंड राहतो.

विहिरीचा पंप

बिलाच्या चर्चेत पंप कुणी धरत नाही, आणि कोकणात नेमकी तिथेच सगळ्यात जास्त गळती असते. गणित करून बघा. १००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राप्रमाणे ०.०५५ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून फक्त ३० टक्के कार्यक्षम धरली तरी ०.१८ युनिट. म्हणजे हजार लिटरची टाकी भरायला पाव युनिटही लागायला नको. एक एचपीचा पंप मीटरवर साधारण एक किलोवॅट दाखवतो. तुमची टाकी भरायला तासभर लागत असेल तर एक युनिट गेलं, म्हणजे हवं त्याच्या पाचपट.

कारणं ठरलेली आहेत. पहिलं, फूट व्हॉल्व्ह, ज्याला सगळे फुटबॉल म्हणतात. त्याच्या जाळीत पाला, शेवाळ अडकतं, आतलं चामडं किंवा रबर झिजतं, पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. रोज पंपात पाणी भरावं लागत असेल तर फुटबॉलच गेला आहे. पाच-सहाशे रुपयांचं काम आहे, चालढकल करू नका. दुसरं, ओढायची खोली. वर बसवलेला पंप प्रत्यक्षात सहा-सात मीटरपेक्षा खोल पाणी नीट ओढू शकत नाही. फेब्रुवारीनंतर विहिरीची पातळी उतरते, एप्रिल-मेमध्ये पाणी त्याच्या खाली जातं आणि पंप हवा धरतो, घरघरतो, थोडंच पाणी देतो. तेव्हा एचपी वाढवून उपयोग होत नाही, खोली तीच राहते. पंप विहिरीतल्या टप्प्यावर खाली आणा, किंवा पाण्यात बुडणारा ओपनवेल पंप घ्या. त्याला फुटबॉल नको, पाणी भरायला नको, आणि ओढण्याचा प्रश्नच संपतो.

तिसरं, बारीक पाइप. पंपाला सव्वा इंची तोंड असतं आणि पैसे वाचवायला पुढे एक इंची पाइप टाकतात. त्याच प्रवाहाला सव्वा इंचीत घर्षण जवळपास एक तृतीयांश होतं. त्यातच प्रत्येक काटकोनी एल्बो अडथळा वाढवतो. शक्य तिथे मोठ्या वळणाचा बेंड घाला. चौथं, मोटरचा कंडेन्सर. सुरू होताना मोटर नुसती गुणगुणत असेल, पात्याला ढकलावं लागत असेल, तर तो बदला. अशा मोटरची वाइंडिंग जळते.

संध्याकाळी सहा ते दहा व्होल्टेज उतरलेलं असतं. तेव्हा मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते आणि पाणी कमी देते. पंप पहाटे किंवा दुपारी लावा. टाकीत फ्लोटचं बटण बसवा, टाकी भरून वाहणं हा शुद्ध तोटा आहे. माड-पोफळीचं शिंपणं घरच्या मीटरवर होत असेल तर बिल वरच्या टप्प्यांत जाणारच. त्याला शेतीची वेगळी जोडणी घ्यावी आणि आळ्याला ठिबक करावं.

आंघोळीचं पाणी

इथल्या विहिरीचं पाणी हिवाळ्यातही २५-२६ अंशांवर असतं. ४० अंशांचं २० लिटर पाणी करायला एक तृतीयांश युनिट पुरतं. चार माणसांना महिन्याला ४० युनिटं, म्हणजे चारशे रुपये. ज्यांच्या वाडीत नारळाची सोडणं आणि झावळं पडून आहेत त्यांनी न्हाणीघरातला बंब किंवा चूल मोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. धूर बाहेर काढणारं धुराडं तेवढं नीट करून घ्या.

गीझर लागतोच असेल तर थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवा. ७० ला तापवून त्यात गार पाणी मिसळण्यात टाकीतली उष्णता फुकट जाते आणि क्षारही जास्त धरतात. एकापाठोपाठ एक आंघोळी उरकल्या तर टाकी पुन्हा पुन्हा तापवावी लागत नाही. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर घेताना व्होल्टेज बघा. १९० व्होल्टवर तो फक्त दोन किलोवॅटचा उरतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग पाणी कोमटच येतं आणि लोक गीझरला दोष देतात. सौर बंब आठ महिने छान चालतो, पण त्याच्या काचेच्या नळ्या माडाखाली बसवू नका. एक नारळ पुरतो.

एसी, थोडक्यात

कौलारू छपराखाली, फटींतून वारा येणाऱ्या खोलीत एसी लावणं म्हणजे अंगण थंड करणं. आधी खाली छत घाला, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा. एसीच्या लेबलवरची युनिटं वर्षाला १६०० तास धरून असतात, आपले तास त्याहून जास्त असतील तर तसा गुणाकार करा. बाहेरच्या युनिटची कॉइल तांब्याची आणि वर गंजरोधक थर असलेली हवी. युनिट समुद्राच्या वाऱ्यात समोरासमोर नको, घराच्या आडोशाला हवं. दर दोन महिन्यांनी एमसीबी पाडून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने कॉइल धुवा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या पापुद्र्या वाकतात. मीठ चढलेली कॉइल उष्णता सोडत नाही आणि पाच स्टारचा एसी तीन स्टारसारखा वागू लागतो. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात. २६-२७ वर ठेवून पंखा लावा. स्टारचं लेबल देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या सांगण्यानुसार अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. पावसाळ्यात उकाड्यापेक्षा दमटपणाच छळतो, तेव्हा ड्राय मोड पुरतो. बाहेरच्या युनिटमध्ये पाली शिरून पाटी शॉर्ट होते, पाइप जातो त्या भोकात पुट्टी भरा.

पावसाळ्यातले कपडे

ओल्या कपड्यांवर इस्त्री फिरवून ते वाळवणं हा सगळ्यात महाग मार्ग. हजार वॅटची इस्त्री तासाला एक युनिट खाते. पडवीत दोरीवर कपडे मोकळे टांगून बीएलडीसी पंखा दहा तास लावला तरी ०.३ युनिट होतं. वॉशिंग मशीन घेताना पिळण्याचा वेग बघा. मिनिटाला १००० च्या वर फेरे असतील तर कपडे निम्मे वाळूनच बाहेर येतात. गरम पाण्याचा प्रोग्रॅम टाळा, मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते.

लाइट जाते तेव्हा

निसर्ग वादळानंतर जून २०२० मध्ये श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे, आणि पुढच्या वर्षी तौक्तेनंतर, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही एक फांदी लाइनवर पडली की रात्र जाते. कमी वॅटच्या उपकरणांचा खरा उपयोग तेव्हा दिसतो. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी व्यवहारात अकराशे-बाराशे वॅट-अवर देते. दोन जुने पंखे आणि तीन दिवे मिळून १८० वॅट असतील तर सहा तास. तेच पंखे बीएलडीसी आणि दिवे ९ वॅटचे असतील तर भार ८७ वर येतो आणि तेरा तास निघतात. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणं स्वस्त आहे. बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावा. पाच-सहा वर्षं झालेली बॅटरी भरलेली असूनही चार्जिंगला वीज घेत राहते, लाल दिव्यावर ते लगेच कळतं.

छपरावर सोलर बसवायचा विचार असेल तर वरची कामं आधी करा, म्हणजे तीन किलोवॅटऐवजी दोनमध्ये भागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट कोरड्या दिवसांत रोज चार युनिटांच्या आसपास देतो, आषाढात निम्म्याहून खाली येतो. सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइज्ड, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि पॅनेलला खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र, या तीन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या. लाइनला जोडलेला साधा सोलर लाइट गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. वादळानंतर ऊन पडलं तरी तो घराला वीज देत नाही. ती हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो.

मुंबईकरांच्या बंद घरात नुसता स्थिर आकार यायला हवा. जाताना फ्रिज रिकामा करून, आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, दारात कापडाची घडी अडकवून उघडा ठेवा, नाहीतर गणपतीला आल्यावर आत बुरशी भेटते. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरून मग तारा सोडवा. ती सहा महिने तशीच पडली तर उतरून निकामी होते, म्हणून शेजारच्या कुणाच्या तरी घरी चार्जिंगला देऊन जाणं चांगलं. पंपातलं पाणी काढून टाका. मग मेन स्विच पाडा आणि बाहेर पडण्याआधी मीटरकडे बघा: लाल दिवा लुकलुकता कामा नये. मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, बंद घराला सरासरीने आलेलं बिल दुरुस्त करून घ्यायला तोच लागतो.